वरून पिणारी मंडळी

चिडून देवळाबाहेर पडणं सोपं असतं. पुढच्या रविवारी सकाळी जायचं कुठं, हे त्या वेळी सुचत नाही. मला तर मुळीच सुचलं नव्हतं. माझी जीभ लहानपणापासून तिखट, आई म्हणायची, "हिच्या तोंडाला देव दार लावायचं इसरला." आम्ही ख्रिस्ती माणसं आमच्या चर्चला देऊळच म्हणत असू आणि तिथं जमणाऱ्यांना मंडळी. ज्या देवळात माझा बाप्तिस्मा झाला, ज्याच्या शाळेत मी अक्षर गिरवलं आणि पुढं शिकून म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले, त्याच देवळाला मी एका रविवारी भर उपासनेत पाठ दाखवली. सोलापुरात खादीची टोपी घालावी की नाही यावरून घरोघरी वाद चालत, त्या दिवसांतली ही गोष्ट. माझ्यामागून माझी म्हातारी आईही काठी टेकत बाहेर आली. तिला कुणी बाहेर ये म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

झालं ते असं. आमच्या देवळात जात नव्हती, म्हणजे बोलण्यात नव्हती. येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा, त्या प्रभुभोजनाच्या दिवशी मात्र रसाचे पेले दोन असत. एक पुढच्या बाकांवर फिरे, दुसरा मागच्या सतरंजीवर. पुढं आधी ख्रिस्ती झालेली मोठी घराणी, मागं आम्ही, गावकुसाबाहेरून आलेली. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असे, "सोयीसाठी हो." आईनं गिरणीत सूत गुंडाळण्यात उमर घालवली, त्यात तिचे गुडघे गेले. त्या रविवारी तिला खाली बसवेना, म्हणून मी तिला पुढच्या बाकावर बसवलं. पेला फिरत फिरत आला. वाढणाऱ्या पंचांनी तो तिच्यासमोरून उचलून पलीकडच्याच्या हातात दिला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "मावशी, तुमचा मागं येतोय." मी उभी राहिले. "मग प्रभूही दोन असतील तुमचे, एक बाकावरचा आणि एक सतरंजीवरचा!" असं म्हटलं आणि निघाले. त्या बोलण्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

बाहेर लिंबाखाली आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी म्हटलं, "रडतेस कशाला? अपमान त्यांनी केलाय, लाज त्यांना वाटू दे." ती म्हणाली, "अपमानाचं काय घिऊन बसलीस, बाई? लई बगितलेत. माजं भोजन ऱ्हायलं की!"

हे एक वाक्य माझ्या उरात काट्यासारखं मोडून राहिलं. मी न्यायासाठी उठले होते, पण तिच्या ओठापाशी आलेला पेला गेला तो गेलाच, आणि त्याला थोडीफार मीही कारण. तिथं परत जाणं माझ्याच्यानं होणार नव्हतं, आणि मला टाकून ती एकटी जायला तयार नव्हती. मग मी मनाशी पक्कं केलं. सोलापूर काही एवढंसं नाही. जिथं सगळ्यांना एकच पेला असेल असं देऊळ मी शोधून काढीन आणि आईला तिथं बसवीन. मास्तरणीच्या सवयीनं मी एक वहीसुद्धा केली. ज्या देवळात जाऊ त्याला दहापैकी गुण द्यायचे. आता हसू येतं, पण तेव्हा मला त्यात काहीही गैर वाटत नव्हतं. देवाच्या घराची परीक्षा घ्यायला मी जणू इन्स्पेक्टर होऊनच निघाले होते.

पहिल्या देवळात पाद्री फार सज्जन, खुर्च्या सगळ्यांना सारख्या, पेलाही एकच. माझ्या वहीत नऊ गुण चढले. पण तिथल्या नियमाप्रमाणे भोजनाआधी सहा महिने शिकवणूक घ्यावी लागे. आई हळूच म्हणाली, "सा म्हैने? तवर मी हाय का?" दुसऱ्या ठिकाणी मेणबत्त्या, घंटा, धूप, आईला ते सारं फार आवडलं. पण तिथं भाकर सगळ्यांना आणि द्राक्षरस फक्त पाद्रीबाबांना. बाहेर पडल्यावर आई म्हणते, "एकट्यांनीच पिऊन टाकलं की गं सगळं!" मी रस्त्यात पोट धरून हसले. तिसरी मंडळी प्रेमळ होती, पण त्यांचा आग्रह असा की आईनं हौदात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा. तिनं हात जोडले. "एकदा झालाय माजा. धुतल्यालं लुगडं पुन्ना कशाला भिजवायचं?" ते लोकही हसले, पण नियम तो नियम. या लोकांना मी वाईट म्हणणार नाही; आपापल्या विश्वासानं ते चालत होते. दिवस मात्र जात होते, आणि आई वाळत चालली होती. तिला खोकला होता. गिरणीत राबलेल्या बाईला खोकला असायचाच, असं मी धरून चालले होते. ती पदरात खोकायची आणि पदर स्वतःच धुवायची. मला हात लावू देत नसे. म्हातारपणी माणूस हट्टी होतं, एवढाच त्याचा अर्थ मी लावला.

तिसऱ्या ठिकाणाहून परतताना आम्ही तेलुगू विणकरांच्या वस्तीतून आलो. आईला धाप लागली, म्हणून एका घराच्या पायरीवर टेकलो. सगळ्या गल्लीत मागांची खटखट चाललेली. बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं की ज्या घराच्या पायरीवर आम्ही बसलो होतो तेवढं एकच घर गप्प होतं. रविवार असून आजूबाजूला कुणाला सुट्टी नव्हती, मग यांचाच माग का बंद? आई श्वास सावरत एका जुन्या भक्तिगीताची चाल गुणगुणत होती, शब्द न घेता, नुसती चाल. तेवढ्यात आतून त्याच चालीवर एका बाईचा आवाज आला. शब्द तेलुगू होते. आई गप्प झाली, आवाज पुढं चालू राहिला, मग आईनं पुन्हा सूर धरला. गाणं संपलं तशी एक ठेंगणी बाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. तिनं तो तांब्या सरळ आईच्या हातात दिला, वरून ओतला नाही. हे मी पाहिलं. आई पाण्याला ओंजळ पुढं करायच्या बेतात होती. तिची जन्माची सवय. "रा अम्मा," ती बाई म्हणाली, म्हणजे ये, आई. तिचं नाव नरसम्मा. तिच्या घरी दर रविवारी माग थांबवून दहा-बारा माणसं प्रार्थनेला जमत. तिचा नवरा मल्लय्या वाचून सांगे. "फुडच्या रव्वारी भोजन हाय," ती म्हणाली, "येवा की अक्का, अम्माला घिऊन." हौद, शिकवणूक, काही विचारलं नाही. आम्ही दोघी बाप्तिस्मा झालेल्या, एवढं तिला पुरलं. घरी जाताना मी म्हटलं, "आई, घावलं बघ!" ती नुसती मान हलवून चालत राहिली. मला वाटलं, दमली असेल.

पुढच्या रविवारी आम्ही वेळेआधीच पोचलो. खड्ड्यातल्या मागावर अर्धं विणलेलं लुगडं होतं, त्यावर स्वच्छ धोतर पसरलेलं. भोवती सगळे जमिनीवर बसलेले. बाक नव्हते, त्यामुळं पुढं-मागं हा प्रश्नच नव्हता. मध्ये पाटावर ज्वारीची एक भाकरी आणि एक पितळी पेला, त्यात मनुका भिजवून काढलेलं पाणी. पेला एकच! मी मनातल्या मनात दहापैकी दहा देऊन टाकले. भाकरी फिरली, सगळ्यांनी त्या एकाच भाकरीचा तुकडा मोडला. मग मल्लय्यांनी प्रार्थना करून पेला पहिल्या माणसाच्या हातात दिला. त्यानं मान वर केली आणि पेला ओठाला न लावता वरून धार तोंडात सोडली. दुसऱ्यानंही तसंच. तिसरीनंही.

माझं डोकं फिरलं. जन्मभर आईला पाणी वरून मिळालेलं. दुकानात, विहिरीवर, कुठंही. उष्टं नको, शिवाशिव नको, म्हणजे वरून. हे लोक आपापसात असं कशाला पितील? आज आम्ही आलो म्हणून! तांब्या हातात दिला तो दाराबाहेर, आणि देवाच्या पाटापाशी आल्यावर हे. मी ताडकन उठले. "आमच्या ओठांचं एवढं वावडं होतं तर बोलावलंत कशाला?" असं मोठ्यानं विचारलं आणि आईचा दंड धरला. पेला ज्या मुलीच्या हातात होता ती तशीच थिजून राहिली. कुणाला माझं मराठी पुरतं कळलं नसेल, पण राग कुठल्याही भाषेत कळतो.

नरसम्मा रागावली नाही. जागची हललीही नाही. "बस की अक्का," ती म्हणाली. "आज न्हाय, दोन वर्सं झाली, आमी असंच पितो. आमच्यात एकाला छातीचा रोग झाला. तो म्हनला, मी पेल्याला तोंड लावनार न्हाय, तुमाला लागंल. तिकडं कोपऱ्यात जाऊन बसला, उपाशीच. मग हे म्हनले," तिनं नवऱ्याकडं पाहिलं, "त्यानं एकट्यानं वरनं पिलं तर त्याला लाज वाटंल. सगळेच वरनं पिऊ. आता कोन आजारी, कोन बरा, पेल्याला ठाव न्हाय." मी एकेका चेहऱ्याकडं पाहू लागले. सगळे खाली पाहत होते. त्यांतला आजारी कोण, ते मला ओळखू येईना.

तेवढ्यात आईनं आपला दंड माझ्या हातातून सोडवून घेतला. "मलाबी हाय, बाई," ती म्हणाली. मला नाही, नरसम्माला. "थुकीतनं रगत पडतंय. हिला सांगितलं न्हाय." मग माझ्याकडं वळली. "एवढी देवळं धुंडलीस माज्यापायी, आन मी आपली मनात म्हनायची, घावलं तरी मी पेला कसा घिऊ? दुसऱ्याला लागलं तर? देवा, आता तूच बघ म्हनलं."

मी खाली बसले. शाळेत चाळीस पोरींच्या चेहऱ्यावरून कोण खोटं बोलतंय ते ओळखणारी मी, आणि घरातल्या एका माणसाचा पदर मला वाचता आला नव्हता. मी सहा महिने गुण देत हिंडत होते. आईला जे हवं होतं ते माझ्या वहीत कुठल्याच रकान्यात नव्हतं, आणि इथं ते दोन वर्षं आधीच तयार होतं. हे कसं झालं, मी सांगू शकत नाही. ती पायरी, तो गप्प माग, ती चाल. मी फक्त झालं तसं लिहिते आहे.

पेला आईकडं आला. नरसम्मानं तिच्या कोपराला आधार दिला, आईनं मान वर केली, आणि थोडं तोंडात गेलं, थोडं हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. तिनं ते पुसलं नाही. "झालं गं," एवढंच म्हणाली. मग पेला माझ्याकडं आला आणि मीही वरून प्याले. जन्मभर ज्या पिण्याचा मला संताप होता, तेच ते पिणं. मला रडू आवरेना, आणि आवरायची मला गरजही वाटली नाही.

आई त्यानंतर दोनदा त्या पाटापाशी बसली. तिसऱ्या वेळी मल्लय्या आणि नरसम्माच पाट घेऊन आमच्या घरी आले. त्या आठवड्यात ती गेली. तिला मातीत ठेवताना ज्यांनी खांदा दिला, त्यांच्या हातांना मागावरच्या सुताला लावायच्या खळीचा वास होता.

आता मी त्याच मंडळीची. मोडकंतोडकं तेलुगू बोलते, पोरं हसतात, हसू देत. वहीचा उपयोग मी धोब्याचा हिशेब लिहायला केला. दोन पेल्यांच्या देवळावर माझा राग अजून आहे. अन्यायाला अन्यायच म्हणावं, देवाला त्याचं काही वावगं वाटत नसेल. पण त्याचं घर मी शोधून काढलं, असं मी आता म्हणत नाही. मी भांडत भांडत चालले होते आणि तो आम्हाला बरोबर पायरीशी घेऊन आला, याबद्दल त्याचे उपकार किती मानावेत! आईनं सगळं त्याच्यावर सोडलं होतं, म्हणून तिला मिळालं. माझ्या वाट्याला आलं ते तिच्यामुळं.

कधी कुणी नवीन बाई येते, आम्हाला वरून पिताना पाहते, तिचा चेहरा उतरतो, ती पदर सावरून उठू लागते. मग मी तिचा हात धरते आणि म्हणते, "बसा की बाई." सगळं सांगते. ती विचारते, तो पहिला आजारी माणूस कोण? मला ठाऊक नाही. त्याच माणसांत मी इतकी वर्षं बसते आहे, पण मी कधी विचारलं नाही.