तिरपा पाइप ओढून बसवायचा नाही

दत्तारामकाकांना मी प्रथम पाहिलं ते प्रभादेवीच्या एका बाथरूममध्ये, आणि पहिल्याच भेटीत त्यांनी माझं काम उखडून ठेवलं. शॉवरच्या व्हॉल्व्हला जोडायचे तांब्याचे दोन पाइप करंगळीभर तिरपे आले होते. मी नट आवळून ते ओढून बसवले आणि स्वतःवर खूश झालो. काकांनी नट सैल केला. पाइप झटकन बाजूला सरकला.

"बघितलंस? भिंतीत गाडलास तरी तो ओढतच राहणार. एक दिवस सांधा जाणार, तेव्हा तू तिथे नसशील. काप."

पुढची बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. काका गोड बोलणारे नव्हेत. आम्हा साऱ्या प्लंबर मंडळींनी त्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. पण माझी आई परळच्या इस्पितळात होती, तेव्हा रोज दुपारी डबा घेऊन जिने चढणारे तेच होते.

काकांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवांकात आजाराचं लिहू नये, असं काहींनी सुचवलं. मी ऐकणार नाही. तीन वर्षांपूर्वी काकांना कंपवाताने गाठलं. हात इतके थरथरू लागले की मगातलं पाणी अंगाऐवजी फरशीवर जाई. सुनंदाकाकू त्यांना आंघोळ घालू लागल्या. काका भिंतीकडे तोंड करून बसत. शेवटी त्यांनी शॉवर लावायला घेतला, तोही स्वतःच.

काकूंनी मला लालबागच्या घरी बोलावलं. भिंत उघडी होती. दोन्ही पाइप कथलाने झाळून जोडलेले, आणि करंगळीभर तिरपे. काकांचं काम कापायला माझा हात धजेना. "चालतंय काका," म्हणत मी नट आवळू लागलो.

स्टुलावर बसलेले काका म्हणाले, "मला फसवतोस? हात गेलेत रे, डोळे नाय गेले. काप."

मी कापलं. नवे तुकडे झाळले, व्हॉल्व्ह जोर न लावता बसला. ते करताना मी रडत होतो, ते काही लपवत नाही.

काम पुरं झाल्यावर आंघोळीला जाताना काकांनी काकूंना बाहेरच थांबवलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला, बऱ्याच खटपटीनंतर.

डॉक्टर म्हणतात, हा आजार वाढतच जाणार. पंच्याहत्तरीला शंभरीच्या शुभेच्छा द्यायची रीत आहे, त्या मी मनापासून देतो. पण काका, माझं खरं मागणं एवढंच आहे: जितकी वर्षं असाल, तितकी ती कडी तुमच्याच हाताने लागो.