शिक्र्याची पिल्लं आणि माझी दुर्बीण

दोन हजार चारच्या एप्रिलमध्ये मी मालवणात मास्तर होतो. बाजारपेठेमागे एका मासे विकणाऱ्या काकीच्या माडीवर भाड्याने राहायचो; खाली अंगणात तिच्या कोंबड्यांचं खुराडं होतं. शाळा सकाळची, दुपार मोकळी. खिडकीसमोरच्या आंब्यावर शिक्र्याच्या, म्हणजे छोट्या शिकारी पक्ष्याच्या, जोडीचं घरटं होतं आणि माझ्याकडे नवी दुर्बीण होती. मग काय, मला शिंगंच फुटली.

तीन पिल्लं निघाली. पांढऱ्या लवीची, मान सावरता न येणारी. नर शिकार आणायचा आणि मादी घरट्यात बसून तिचे बारीक तुकडे करून भरवायची. ती उठत नव्हती म्हणून कावळे लांब होते. पिल्लं जगायची तर तिनं बसायलाच हवं, एवढं मला कळत होतं.

मला मिरवायची भारी हौस. एका दुपारी काकीला वर बोलावून दुर्बीण दिली. वाटलं, बाई हरखून जाईल. नेमका तेव्हाच नर काहीतरी पिवळं घेऊन आला.

"ह्यां तर माझांच पिल्लू!" काकी ओरडली. "म्हयनोभर पिल्लां जातत म्हणान मी मांजराक मारतंय, आणि तुमी हयसून मजा बगतास, मास्तरानू?"

तिचं खोटं नव्हतं. मी मजाच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तिच्या भावाने छऱ्याच्या बंदुकीने नराला पाडलं. सुकत घातलेल्या मासळीजवळ मेलेला कावळा टांगायची इथली रीत, म्हणजे बाकीचे फिरकत नाहीत. तसाच काकीने शिक्रा पंख ताणून खुराड्यासमोरच्या काठीला बांधला. आता एक पिल्लू जायचं नाही, म्हणाली.

मादी दोन दिवस हलली नाही. नुसती हाका मारत राहिली. पिल्लं चोची उघडून तिच्या पोटाला ढुसण्या द्यायची. मी खाली जाऊन मासळीचा तुकडा तरी झाडाखाली टाकायला हवा होता. नाही टाकला. काकी काय म्हणेल, ही भीती. भित्रा माणूस मी, आणि बघायची चटक सुटत नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती उठली. कावळे वाटच बघत होते. तिन्ही पिल्लं संपायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी खिडकीतून हाडहाड केलं, बस्स.

तेवढ्यात खाली कोंबडी किंचाळली. मादीला जवळची शिकार म्हणजे खुराड्यातली पिल्लंच होती. टांगलेल्या नराच्या बाजूनेच मादीने पिल्लू उचललं होतं. ती घरट्यात उतरली, तुकडे केले आणि एकेक तुकडा चोचीत धरून खाली वाकत राहिली.

"मास्तरानू, खंय गेली ती? दुर्बिणीतसून बगा!" काकी अंगणातून ओरडत होती. भाऊ बंदूक घेऊन बाहेर आला होता.

मी दुर्बीण खाली ठेवली. "दिसत नाही, काकी," म्हणालो. त्या दुपारी काकीच्या हाती दुर्बीण द्यायच्या ऐवजी हेच म्हणायला हवं होतं.