वाढत्या अंगाचं

टाचणीबाईंना कुणी नावानं हाक मारत नाही आणि मारली तरी त्या वळून बघतील याची खात्री नाही. जिन्याखालच्या आठ फुटी जागेत एक शिलाई मशीन, एक इस्त्री, एक उभा आरसा आणि ओठांत धरलेल्या चार टाचण्या, हे त्यांचं सोळा वर्षांचं दुकान. नवीन कपडे त्या शिवत नाहीत. लोक हौसेनं विकत घेऊन फसतात, ते कपडे त्या अंगाबरोबर करून देतात. ओठांत टाचण्या असल्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं भुवयांनीच होतं. उरलेलं निम्मं ऐकण्यापेक्षा भुवया परवडल्या, असं गिऱ्हाइकं म्हणतात.

आता या बाईची अकरा वर्षांची लेक जन्मापासून दोन मापं मोठ्या कपड्यांत वावरत होती, हे सांगून कुणाला खरं वाटेल? पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घ्यायचं ते वाढत्या अंगाचं, हा त्यांच्या घरचा कायदा. टाचणीबाईंच्या आईनं त्यांना तसंच घेतलं होतं. बाह्या दुमडायच्या, कमरेला नाडी आवळायची, आणि कपडा अंगाला बसेपर्यंत त्याचा रंग उडालेला असायचा. यात काही चुकतंय, असं त्यांच्या मनाला कधी शिवलंसुद्धा नाही.

तर शनिवारी शाळेत धावण्याच्या शर्यती होत्या आणि लेकीनं अजून नाव दिलं नव्हतं. पोरगी पळायला वाऱ्यासारखी. पण गेल्या वर्षी सगळ्यांच्या पुढे असताना अर्ध्यात थांबली होती. "दम लागला," म्हणाली. तेव्हापासून टाचणीबाईंनी तिला वर्षभर रोज सकाळी दूध आणि अंडं खायला घातलं होतं. नाव द्यायला उद्याचा शेवटचा दिवस, म्हणून खेळाच्या बाईंनी चिठ्ठी धाडली. चिठ्ठी वाचून लेक एवढंच म्हणाली, "आधी पँट घेऊन दे, मग बघू."

म्हणून मायलेकी मोठ्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर, कपडे घालून बघायच्या खोलीत उभ्या होत्या. लेकीच्या अंगात चौदा वर्षांच्या मापाची निळी ट्रॅक पँट होती. टाचणीबाई गुडघ्यावर बसून पायाला घडी घालत होत्या.

"दोन घड्या घालू. पुढच्या वर्षी एक सोडू, त्याच्या पुढच्या वर्षी..."

"आई, गेल्या वर्षी मला दम लागला नव्हता."

"मग?"

"पँट खाली येत होती. एका हातानं धरून पळत होते. सगळे हसायला लागले, म्हणून थांबले."

"आणि हे मला आत्ता सांगतेस?"

"तू हौसेनं आणली होतीस ना ती."

टाचणीबाईंच्या हातातली घडी सुटली. वर्षभर पोरीला अंडी चारली, दोष तिच्या छातीत शोधला, आणि खोट होती ती आपल्या हट्टात. वर पोरीनंच आपलं मन सांभाळलं! त्यांना रडू आलं नाही, संताप आला. आणि संताप आला की त्यांचे हात कामाला लागतात.

त्या ताडकन उठल्या, बाहेर जाऊन अकरा वर्षांच्या मापाची पँट घेऊन आल्या. लेकीच्या अंगात चढवली. लांबी चोख, कमर किंचित सैल. पर्समधून सुईदोरा निघाला. दोन्ही बाजूंना कापडाचा चिमटा धरून त्यांनी भराभर कच्चे टाके घातले आणि दोरा दातानं तोडला. मग पडद्याबाहेरच्या विक्रेतीचा चेहरा त्यांना आरशात दिसला.

"अहो ताई! अजून बिल नाही झालं त्याचं!"

जित्याची खोड, दुसरं काय! पँट अजून दुकानाची आहे, हे त्या साफ विसरल्या होत्या. आरडाओरडा ऐकून दुकानाचे मॅनेजर आले.

"आता ही घ्यावीच लागेल तुम्हाला."

"घेणारच आहे."

मॅनेजरनं मुलीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि आवाज खाली आणला. "पण ताई, एवढं अंगाबरोबर... या वयात मुलींना जरा ढगळच बरं दिसतं. उद्या तुम्हीच म्हणाल."

लेकीनं ते ऐकलं. तिनं टी-शर्ट खाली ओढला आणि तिचे खांदे पुढे झुकले.

ते खांदे टाचणीबाईंच्या चांगल्याच ओळखीचे होते. दुकानात येणाऱ्या दहा बायकांतल्या सात जणींचे तसेच असतात. कपडा मागून उचलला जातो, पुढून लोंबतो, मग पाठीत चूण घालून सावरावा लागतो. हा बाक कुठून येतो, हे त्यांना सोळा वर्षांत कळलं नव्हतं. आज तो त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच पोरीच्या पाठीत पडत होता.

"दादा," त्या म्हणाल्या. ओठांत टाचण्या नव्हत्या, त्यामुळे आवाज मजलाभर गेला. "माझी मुलगी कशी दिसते हे तुम्हाला कुणी विचारलं? पँट विकायला बसलात, पँट विका. तिच्या अंगात लपवण्यासारखं काहीही नाही. आणि तू गं, खांदे मागे घे. काही चोरलंयस का कुणाचं?"

विक्रेतीनं मध्यस्थी करून पाहिली. "तसं नाही हो ताई, पण सहा महिन्यांत आखूड होईल ही."

"होऊ दे. तेव्हा तेव्हाची घेईन. शनिवारी हिला शनिवारच्या अंगानं पळायचंय." मग त्या लेकीकडे वळल्या. "नीट बसली का?"

लेकीचे खांदे हळूहळू मागे गेले. तिनं एक पाय उचलला, दुसरा उचलला. मग मॅनेजरकडे बघत म्हणाली, "उभं राहून काय कळणार? पळून बघायला हवं."

"इथे? दुकानात?" मॅनेजर म्हणाले.

एरवी टाचणीबाईंनी तिला दंडाला धरून बाहेर नेलं असतं. चारचौघांत शोभा नको, हाही घरचाच कायदा. पण त्या तडक कपड्यांच्या रांगांमधल्या लांब वाटेवर गेल्या. मधे उभा असलेला प्लास्टिकचा पुतळा त्यांनी कमरेत धरून बाजूला ठेवला. समोरून दोन गिऱ्हाइकं येत होती. टाचणीबाई दोन्ही हात पसरून वाटेत उभ्या राहिल्या.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "मुलगी येतेय माझी."