आँटी मिनाचं पिवळं जाकीट

ताबोर गावात अणुवीज केंद्राचं कॅलेंडर घरोघर होतं, आणि त्याची मागची बाजू वाचलेली बाई एकच होती. पुढच्या बाजूला रानफुलांचे फोटो असत. त्यांच्या खाली लोक वाढदिवस लिहीत. मागच्या बाजूला, केंद्रात अपघात झाला तर काय करायचं ते छापलेलं असे, आणि ती बाजू बिचारी वर्षभर भिंतीकडे तोंड करून उभी राही. आँटी मिनाने, म्हणजे सालोमिना ज्युलीसने, ती पाठ केली होती. न वाचलेलं काही घरात असलं की तिला चैन पडत नसे. औषधाची बाटली, पिठाची पिशवी आणि चुकून आलेलं शेजारणीचं पाकीट यांत ती भेदभाव करत नसे.

शेजारच्या अटलांटिस शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं शर्टांना कॉलर लावल्या. नुसत्या कॉलर. बाकीचा शर्ट पुढे कुठे जातो, कोण घालतो, हे तिला कधी कळलं नाही. आपली चौकशीची खोड तिथूनच लागली, असं ती सांगायची. तिचा नवरा दावी म्हणायचा, "खोड आधीची आहे. लग्न लागताना पाद्र्याने हिला एक प्रश्न विचारला, हिने त्याला तीन विचारले."

शहराच्या आपत्ती खात्यातली मिस बुलेल्वा चर्चच्या हॉलमध्ये माहिती द्यायला आली, तेव्हा गाव चहाच्या वासाने जमलं होतं. मिना पहिल्या रांगेत कॅलेंडर उलटं मांडीवर घेऊन बसली.

"ती आयोडीनची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

"रेडिओवर घ्या म्हणून सांगतील तेव्हा घ्यायची, आँटी."

"कोंबड्यांना?"

"कोंबड्यांना नाही."

"बसमधून गाव हलवाल तेव्हा कुत्रा चालेल? नाहीतर आमच्या समोरचा पीट बसमध्ये चढणार नाही. आणि आग्नेयेचा वारा असला तर सगळं समुद्रावर जाईल, मग आम्ही खिडक्या का लावायच्या?"

"वारा फिरतो, आँटी."

"हं. आमच्या दावीसारखा."

एकोणीस प्रश्न झाल्यावर मिस बुलेल्वाने पिशवीतून एक पिवळं जाकीट काढलं आणि मिनाच्या अंगावर चढवलं. पाठीवर लिहिलं होतं 'रस्ता प्रमुख'. चर्चच्या रस्त्यावरची अडतीस घरं आता तिची. केंद्राचा भोंगा झाला की सगळी माणसं घरात जायला हवीत, दारं-खिडक्या बंद, रेडिओ चालू. बस्स, एवढंच काम. मिनाने आयुष्यात पहिल्यांदा अख्खा शर्ट बघितल्यासारखं त्या जाकिटाकडे पाहिलं. त्याची कॉलर वाकडी होती. ती तिने घरी गेल्यावर उसवून पुन्हा लावली.

पण ताबोरची एक जुनी रीत आडवी आली. गावात कोणी वारलं की अंकल फ्रिक्की चर्चची घंटा वाजवतो, जितकं वय तितके ठोके. घंटा सुरू झाली की ताबोरची माणसं हातातलं काम टाकून फाटकाशी येतात आणि मोजतात. "एकसष्ट, बासष्ट... त्रेसष्टला थांबली. कोण गं त्रेसष्टचं?" मग या फाटकावरून त्या फाटकावर नावं फेकली जातात, आणि ज्याचं नाव निघालं तोच कधीकधी समोरच्या फाटकात मोजत उभा असतो. दीडशे-दोनशे वर्षं हे चाललंय. वर काही वाजलं की बाहेर यायचं, हे ताबोरच्या पायांना डोक्याला न विचारता कळतं.

गेल्या वर्षी सरावाचा भोंगा झाला आणि अडतीसपैकी छत्तीस घरं फाटकाशी आली. उरलेल्या दोन घरांपैकी एकात कोणी राहत नव्हतं, दुसऱ्यातल्या म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं. भोंगा चढत होता, उतरत होता, थांबायचं नाव घेईना. दावी सगळ्यांच्या पुढे उभा होता. "कोणीतरी फारच म्हातारं गेलेलं दिसतंय," तो म्हणाला. मिना घसा फोडून ओरडत होती आणि लोक तिलाच विचारत होते, "मिना, तुला तर माहीत असेल. कोण गेलं?"

मिस बुलेल्वाने वहीत काहीतरी लिहिलं. या वर्षी सरावाआधी ती मुद्दाम मिनाच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"आँटी, वाईट वाटून घेऊ नका. यंदाही असंच झालं तर या रस्त्यावर आमचा माणूस नेमावा लागेल. जाकीट परत द्यावं लागेल. खरंच काही झालं, तर ज्या हवेपासून वाचायचं त्याच हवेत ही सगळी मोजत उभी राहतील."

मिनाने चहा ढवळला. साखर घालायची राहिली होती, तरी ढवळत राहिली.

"लोक बाहेर का येतात माहितेय, पोरी? बातमी बाहेर असते म्हणून. बातमी आत नेऊन ठेवली तर आत जातील."

"म्हणजे?"

"म्हणजे कोसिस्टर."

चर्चच्या जत्रेत कोसिस्टरची स्पर्धा झाली होती. पाकात मुरवून खोबऱ्यात घोळवलेले हे मसालेदार गोळे ताबोरमध्ये दर रविवारी सकाळी प्रत्येक घरात होतात, आणि आपल्यासारखे दुसऱ्या कोणाचे होत नाहीत यावर प्रत्येक घराची श्रद्धा असते. पाद्रीबाईंनी बावीस ताटं चाखली, निकाल लिहून पाकीट चिकटवलं, आणि मग घाबरून ते तीन आठवडे कपाटात ठेवलं होतं. एक घर खूश आणि एकवीस घरं चर्चला यायची बंद, हा हिशोब त्यांनाही कळत होता. मिना त्यांना म्हणाली, "तुम्ही कशाला तोंडाने सांगता? जवळच्या रेडिओवाल्यांना द्या. भोंग्यानंतर पाच मिनिटांनी, सूचना संपल्या की वाचतील. एकदाच." पाद्रीबाईंनी पाकीट इतक्या चटकन दिलं की मिनाला दुसरी विनंती तयार ठेवायची गरजच पडली नाही. निकाल भोंग्यानंतर रेडिओवर लागणार, हे तिने त्याच संध्याकाळी घरोघर पोचवलं.

मिस बुलेल्वा म्हणाली, "आणि खऱ्या अपघाताच्या दिवशी कोसिस्टर कुठून आणणार?"

"पायांना एकदा दिशा कळली की पुरे. गाढवालासुद्धा गाजर रोज लागत नाही."

सराव बुधवारी अकराला होता. मिनाने जाकीट घातलं. रस्ता प्रमुखानेही घरातच थांबायचं आणि खिडकीतून रस्ता बघायचा, असं कॅलेंडरमागच्या नियमांत स्पष्ट होतं. चौथा नियम. तिनेच तो घरोघर वाचून दाखवला होता.

भोंगा झाला. समोरचा पीट अंगणातून कुत्र्याला काखेत मारून आत पळाला. दारं आपटली. खिडक्या खाली आल्या. एक बाई अर्धे कपडे दोरीवर आणि अर्धे टोपलीत ठेवून आत गेली. दोन मिनिटांत रस्त्यावर फक्त एक कोंबडी उरली.

मिनाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. खिडकीतून तिला सोळाच घरं दिसत होती. पलीकडच्या बावीस घरांचं काय? एक पाऊल, म्हणून ती दाराबाहेर आली. मग फाटकापर्यंत. मग कोपऱ्यापर्यंत. एकही माणूस नाही. दारांखाली ओले टॉवेल घातलेले, पडदे ओढलेले. तिला रडू येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी आठवलं, पाच मिनिटं होत आली.

ती पळत घरी आली. दार आतून लावलेलं.

"दावी, उघड."

"कोण आहे?"

"मी आहे. कोण असणार?"

"कॅलेंडरात लिहिलंय, सगळं ठीक आहे म्हणून सांगेपर्यंत दार उघडायचं नाही."

"ते मीच तुला वाचून दाखवलंय, दावी."

"म्हणूनच लक्षात राहिलं."

खिडकीच्या काचेला कान लावला तर आत नुसती गुणगुण. शेजारच्या खिडकीला लावला, तिथेही तेच. घराघरांत एकाच वेळी एकच गोष्ट सांगितली जात होती, आणि खिडक्या इतक्या नीट लावल्या होत्या की गावातली सगळ्यात तयार कानांची बाई रस्त्यावर उभी राहून त्यातलं एक अक्षरही ऐकू शकत नव्हती. मग कुठल्याशा घरातून टाळ्या आल्या. दावीने पडदा सारला, तिच्याकडे पाहिलं आणि कॅलेंडरची मागची बाजू काचेला लावून चौथ्या नियमावर बोट ठेवलं.

सराव संपला तशी मिस बुलेल्वा वही घेऊन आली. "अडतीस घरं, आँटी. बाहेर एक व्यक्ती."

"मला माहितेय कोण ते."

"पिवळं जाकीट होतं. लांबून नीट दिसत होतं."

मिनाने जाकिटाची चेन खाली ओढली. मिस बुलेल्वाने ती पुन्हा वर ओढली. "राहू द्या. पुढच्या वर्षी अडतीस घरं आणि तुम्ही."

दारं उघडू लागली. लोक फाटकाशी आले, आणि सगळे एका चमत्कारिक आनंदाने तिच्याकडे बघत होते. मिनाकडे नसलेली बातमी गावाकडे आहे, असा दिवस ताबोरने पाहिला नव्हता.

"दावी, कोणाचा पहिला नंबर आला?"

"गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?" दावी म्हणाला.

"दावी."

"कोंबड्यांना द्यायची का?"

मिनाने कोपऱ्यापर्यंत प्रत्येक फाटकाशी थांबून विचारलं. सदतिसाव्या घरातल्या, ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्याने शेवटी तिला आत बोलावून खुर्ची दिली. त्याने रेडिओ लावला नव्हता, पण त्याच्या नातीने निकाल पाटीवर लिहून त्याला दाखवला होता. त्याने पाटी मिनापुढे सरकवली.

पहिल्या नंबरावर पीटची बायको होती. दुसऱ्यावर सालोमिना ज्युलीस.

मिनाने ते दोनदा वाचलं आणि मग सवयीने पाटी उलटून मागच्या बाजूला काय आहे ते बघितलं.