सबनीस मॅडमचं चार वाजताचं कीर्तन

रोज दुपारी चार वाजता सबनीस मॅडम आपली खुर्ची उलटी फिरवायच्या, कॉम्प्युटरकडे पाठ करायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "हं, वाच."

वाचायचा असायचा तो आपण लिहिलेला प्रोग्राम, तोही मराठीत. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं आणि कंसांची रांग असली तरी त्यांना एकेका ओळीचा अर्थ सांगावा लागे. "तुझ्या आजीला समजावतेयस असं समज," त्या म्हणत. आजीला प्रोग्राम समजावण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, पण सबनीस मॅडमना समजावणं त्याहून अवघड होतं, कारण त्यांना त्यातलं सगळं कळायचं. कुठे अडखळलं की त्यांचं एक बोट वर जाई. बोट वर गेलं की तिथे खूण करायची, घरी जाऊन विचार करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायचं. ठाण्यातल्या आमच्या त्या वीस माणसांच्या ऑफिसात याला 'कीर्तन' म्हणत. कीर्तन झाल्याशिवाय एकही प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे जात नसे.

आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. रक्त तपासणारं मशीन आकडा पाठवतं, आमचा प्रोग्राम तो उचलतो, रिपोर्टवर छापतो आणि रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर जातो. सांगायला एवढंच काम. मॅडम हे काम अठ्ठावीस वर्षं करत होत्या. ठाकुर्लीत राहायच्या, लग्न केलं नव्हतं, कडक इस्त्रीची सुती साडी नेसायच्या आणि भूक लागली की कुणाच्याही डब्यात बिनदिक्कत हात घालायच्या. वर "मीठ कमी आहे" असंही सांगायच्या.

आमच्याकडे एआय आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मॅडमचं आणि त्याचं जुंपणार. मराठीत दोन वाक्यं लिहिली की तो पानभर प्रोग्राम काढून देई. माझ्या शेजारी बसणारा तन्मय तर म्हणाला, "आता कीर्तन बंद यार. एवढं फास्ट कोण वाचणार?" मॅडमनी मात्र पहिल्याच आठवड्यात त्याच्याशी ओळख करून घेतली. त्याला त्या 'जावईबापू' म्हणायच्या. का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तुम्ही सगळे त्याला जावयासारखं वागवता म्हणून. तो बोलेल ते बरोबर, तो देईल ते गोड. उलटून कोणी काही विचारत नाही. जावई हुशार असेल गं, पण घर तुमचं आहे."

त्या स्वतः त्याला भरपूर उलटून विचारत. एकदा त्यांच्या खांद्यावरून पाहिलं तर त्यांनी त्याला लागोपाठ अकरा प्रश्न विचारले होते आणि प्रत्येकाची सुरुवात 'अहो, पण' अशी होती. सातव्या प्रश्नाला जावईबापूंनी चूक कबूल केली होती. बाकीचे चार मॅडमनी त्यानंतर विचारले होते, बहुतेक समाधानासाठी.

माझं मात्र त्याच्याशी फारच पटलं. आधी मला एका कामाला चार दिवस लागत, आता अर्धा दिवस पुरे. चुका सापडाव्यात म्हणून ज्या चाचण्या लिहायच्या, त्याही तोच लिहून देई आणि त्या सगळ्या पास होत. आपलीच उत्तरपत्रिका आपणच तपासायची असेल तर नापास कोण होणार, हे तेव्हा सुचलं नाही. अडचण राहिली ती कीर्तनाची. त्यावरही मी उपाय काढला. जावईबापूंकडूनच प्रत्येक ओळीचा मराठी अर्थ लिहून घ्यायचा, तो दोनदा वाचायचा आणि चार वाजता मॅडमसमोर म्हणून दाखवायचा. शाळेत निबंध पाठ करणाऱ्या मुलीला यात अवघड काही नव्हतं. दीड-दोन महिने माझं कीर्तन झकास चाललं. मॅडमचं बोट वर गेलं नाही. उलट माझ्याकडे त्या जरा विचित्र बघायच्या, त्याला मी कौतुक समजायचे.

डोंबिवलीच्या एका लॅबने नवं मशीन घेतलं, ते आमच्या प्रोग्रामला जोडायचं काम माझ्याकडे आलं. बुधवारी सकाळी अकरापर्यंत माझं ते लिहून झालंसुद्धा. लॅबवाले घाई करत होते. कीर्तन म्हणजे नुसता उपचार, असं मनाशी म्हणून मी तो प्रोग्राम ऑफिसातूनच त्यांच्याकडे चालू करून टाकला आणि चार वाजता मॅडमसमोर जाऊन बसले.

"रीडिंग आलं नाही, तर प्रोग्राम न थांबता शेवटचा उपलब्ध आकडा वापरतो आणि काम अखंड चालू ठेवतो," मी घडाघडा म्हटलं.

मॅडमनी डोळे उघडले. "मेघना, तू गेले कित्येक दिवस अडखळली नाहीयेस. ज्याला कळलंय तो माणूस कुठेतरी अडखळतो. पाठ केलेलं असं सरळ येतं. आता सांग, शेवटचा आकडा म्हणजे कोणाचा? कधीचा?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. माझ्याच नावावरच्या त्या ओळी मी पहिल्यांदा वाचत होते. "त्याच पेशंटचा," मी म्हटलं. "मागच्या वेळचा."

"म्हणजे आजच्या रिपोर्टवर मागच्या महिन्याचं रक्त."

खरं तर आकडा आला नाही तर ती जागा रिकामी राहायला हवी आणि रिपोर्ट अडायला हवा. लॅबमधल्या माणसाला कळायला हवं की काहीतरी राहिलंय. जावईबापूंनी काहीच अडू नये अशी सोय केली होती आणि मी ती पाठ केली होती.

"हे अजून कुठे चालू केलं नाहीस ना?" मॅडमनी विचारलं.

मी काय केलंय ते सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या उठल्या, लॅबला फोन लावून रिपोर्ट थांबवायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "आधी तुझा प्रोग्राम बंद कर. मग त्या मशीनने पाठवलेला प्रत्येक आकडा आणि छापलेला प्रत्येक आकडा शेजारी ठेव. हाताने. जावईबापूंना आज सुट्टी."

एकच रिपोर्ट तसा निघाला. म्हात्रे नावाचे सत्तरीचे गृहस्थ, किडनीचा त्रास, दर महिन्याला पोटॅशियम तपासायचं. मशीनने त्यांचा आकडा पाठवलाच नव्हता. रिपोर्टवर मागच्या महिन्याचा, अगदी नॉर्मल आकडा होता. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, हे इतकी वर्षं लॅबसाठी काम करून मलाही माहीत होतं. त्यांचा फोन कोणी उचलेना. लॅबने पत्ता दिला, शीळफाट्याच्या पुढे एका गावातला. मॅडम म्हणाल्या, "चल." आम्ही रिक्षा केली. मी मनात म्हात्रेकाकांना काहीबाही झालेलं बघत होते. फाट्यावर ट्रकांच्या मागे अर्धा तास अडकलो तेव्हा मला उतरून पळत सुटावंसं वाटलं.

म्हात्रेकाका अंगणात खुर्चीवर बसले होते. पुतण्याची हळद होती, शेजारच्या मांडवात गाणी मोठ्याने चालली होती, फोन कुठून ऐकू येणार? पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर टोपी, निघायच्याच तयारीत. मी पुढे झाले आणि सुरुवात केली, "काका, काय झालं, सिस्टिममध्ये थोडा प्रॉब्लेम आला, त्यामुळे..."

मॅडमनी माझ्या दंडाला हात लावला. हळूच म्हणाल्या, "सिस्टिम इथे आलेली नाही. तू आलीयस."

मग मी सांगितलं. "काका, चूक माझी आहे. तुमच्या रिपोर्टवरचा आकडा आजचा नाही. मी न वाचता प्रोग्राम चालू केला. तुम्हाला पुन्हा रक्त द्यावं लागेल, आत्ताच."

"मना दुपारी सांगितलां, सगला बरोबर हाय," ते म्हणाले. "आता हलदीला चाललोय न् पुन्यांदा रगत?"

माझा आवाज रडवेला झाला असणार. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि सुनेला म्हणाले, "चल गो, पोरगी एवढी लांबून आली हाय." त्याच सदऱ्यात ते आमच्याबरोबर लॅबमध्ये आले. आकडा बराच वाढलेला निघाला. डॉक्टरांनी लगेच दवाखान्यात ठेवून घेतलं, दोन दिवसांनी ते ठणठणीत होऊन घरी गेले. हळद चुकली, लग्न मिळालं. हळद बुडवणारी पोरगी म्हणून ते माझी अजून चौकशी करतात, असं लॅबवाले सांगतात.

मॅडमनी आमच्या मालकांना सगळं सांगितलं, पण त्यात स्वतःलाही घातलं. "ही पाठ करून येते याचा मला आधीच संशय आला होता. मी गप्प बसले, ती माझी चूक," असं त्या म्हणाल्या. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मग त्यांनी मला तोच तुकडा जावईबापूंशिवाय लिहायला बसवलं. पंचवीस ओळी. चार वर्षं नोकरी झालेली मी आणि मला पहिली ओळ सुचेना. जे कॉलेजात झोपेत लिहायचे, ते हात विसरून गेले होते. त्याची जी लाज वाटली ती म्हात्रेकाकांपुढेही वाटली नव्हती. तीन दिवस लागले.

"पोळ्या बाहेरून आण गं, कोण नको म्हणतंय," मॅडम माझ्या डब्यातली भेंडी खात म्हणाल्या. "पण कणीक भिजवता आली पाहिजे. नाहीतर आलेली पोळी कच्ची आहे हेसुद्धा कळणार नाही." मग म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

चौथ्या दिवशी मी ते वाचलं. सहा वेळा अडखळले. सहाव्या वेळी बोट वर करता करता मॅडम हसायला लागल्या. मी एआय सोडला नाही, त्यांनी सोडायला सांगितलंही नाही. आता मीही त्याला 'अहो, पण' करून छळते. कामाला अर्ध्याऐवजी दीड दिवस लागतो. तन्मय मला 'छोटी सबनीस' म्हणतो, त्याला चिडवल्याचं समाधान मिळावं म्हणून मी चिडल्यासारखं करते.

मागच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात फक्त एवढंच म्हणाल्या की समोसे गार आहेत. त्यानंतर पाचेक महिने फोन नाही, निरोप नाही. त्यांचा स्वभावच तसा. मला मात्र चार वाजले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

परवा सकाळी अचानक फोन आला. "मेघना, बीपीच्या नव्या गोळीने माझं पोटॅशियम वाढलं होतं. केळ्यातही पोटॅशियम असतं, म्हणून डॉक्टरांनी महिनाभर केळं बंद केलंय. काल पुन्हा तपासलं, डोंबिवलीच्या त्याच लॅबमध्ये. आकडा नॉर्मल आलाय म्हणे. ठेवू ना विश्वास?"

'हो' माझ्या जिभेवरच होतं. ते मी गिळलं. "थांबा मॅडम. रिपोर्टचा नंबर सांगा."

त्यांनी सांगितला. मी मशीनने पाठवलेला आकडा काढला, नमुन्याच्या बाटलीचा नंबर जुळवला, वेळ बघितली, मागच्या महिन्याचा आकडा शेजारी ठेवला. वीस मिनिटं गेली. मग मी त्यांना फोन केला.

"आकडा तुमचाच आहे. कालचाच आहे. मी स्वतः बघितला."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "मग मी आता केळं खाते."