मामाचा घरचा डॉक्टर

मामाच्या टाचेवर काळा डाग होता. बाभळीचा काटा मोडून आत राहिलाय, असं समजून तो वर्षभर सेफ्टीपिनेनं कोरत बसला. मग जांघेत गाठ आली आणि कळलं की तो काटा नाही, मेलानोमा आहे. कातडीचा कॅन्सर. आणि तो टाचेवरून वर निघालाय.

डॉक्टरांनी गाठ काढली, इंटरफेरॉनची इंजेक्शनं लिहून दिली. कशासाठी तेही नीट समजावलं. पण मामा डॉक्टरांसमोर बसायचा तो देवळात बसल्यासारखा. हात जोडलेले, कान बंद. "काही शंका?" "नाय साहेब."

मी सोबत असायचो. मखमलाबादला त्याच्या मळ्यात पोचलो की मला विचारायचा, "काय म्हनले रे ते?"

मी तेव्हा कॉलेजात सगळ्या सरांचे आवाज काढायचो. सवयीनं चष्मा नाकावर ओढला आणि डॉक्टरांसारखा नाकातून सुरू झालो, "हे बघा, पेशी एकमेकींना प्रोटीनमार्फत निरोप धाडतात. इंटरफेरॉन हा तसाच निरोप. चोर शिरलाय, दारं तपासा!"

मामा ताठ बसला. "पन साहेब, चोर घरात हाय तर थंडी मला का वाजती? त्याला वाजू द्या."

"हाक सगळ्या अंगाला ऐकू जाते, म्हणून ताप येतो."

"आन चोराला?"

"त्यालाही जाते. त्यात एखादा बेरकी असतो. हाक ऐकली की दारावर दुसरं प्रोटीन लावतो, मी घरचाच आहे म्हणून. पहारेकरी पेशी ते बघून परत फिरतात."

"म्हंजी पोलीस येनार हे चोराला आपुनच सांगायचं? लय भारी!"

तेव्हापासून मीच त्याचा डॉक्टर. मामीसुद्धा पदर सावरून मला बशीवर कप ठेवून चहा द्यायची. माझ्या आवाजात मागितला की म्हणायची, "घे की हातानं, पाय मोडलेत का?" एकदा शेजारच्या काकू मला गुडघा दाखवायला आल्या. मी डॉक्टर नाही हे माहीत असून आल्या.

इंजेक्शनं फ्रीजमध्ये, श्रीखंडाच्या डब्यामागं. आठवड्यातून तीनदा मामी पोटावर टोचायची. मग भर मे महिन्यात मामा तीन गोधड्यांखाली कुडकुडायचा आणि आम्ही पंख्याखाली घाम पुसायचो. जेवण सुटलं. शेवंतीच्या वाफ्यापर्यंत चालवेना.

एका संध्याकाळी मामीनं सुई भरली आणि मामानं सदरा खाली ओढला.

"थांब. डॉक्टरला बोलव."

मी चष्मा ओढला. "बोला."

"साहेब, खरं सांगा. ह्याचा गुन येनार का? का बंद करू?"

खऱ्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, की सगळ्यांना लागू पडत नाही. ते सांगायला मी खाकरलो. नाकातून आवाजच निघेना. मामी सुई धरून उभी. मामा माझ्याकडे बघतोय, हात जोडून.

"नको ना बंद करूस, मामा."

माझाच आवाज होता. तोही फाटका.

मामानं हात सोडले. "डॉक्टर कुटं गेले?"

"जेवायला."

"ह्या टायमाला?"

"पेशंट लय होते. साहेब सकाळचे उपाशी होते."

"मग जेवू दे बिचाऱ्याला," मामा म्हणाला. गोधडी जवळ ओढून घेतली आणि सदरा वर केला. "टोच गं. आन त्यो आला की त्याला म्हनाव, भाच्याला विचारून घेतलंय."