दोन रंगांत बसवलेले तीस संघ

गुरुलिंगअण्णांनी बेसबॉलची एकही मॅच पाहिली नव्हती, पाहायची हौसही नव्हती. पण अमेरिकेतल्या तीस संघांची बोधचिन्हं त्यांना तोंडपाठ झाली होती. अक्कलकोट रोडच्या ज्या टॉवेल कारखान्यात सत्तावीस वर्षं त्यांनी डिझाइनं काढली, तो बंद पडला आणि बावन्नाव्या वर्षी अण्णा पायलच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे येऊन बसले. पायल शेजारची पोर. परदेशी खेळांच्या आकडेवारीचे तक्ते करून द्यायचा तिचा धंदा. तीन महिने शिका, जमलं तर कायम, असं ठरलं. अण्णा कोड शिकले, चष्म्याचा नंबर वाढवून घेऊन शिकले.

तीन महिन्यांतलं शेवटचं काम बेसबॉलच्या तक्त्याचं होतं. प्रत्येक संघाच्या नावाआधी त्याचं चिन्ह यायला हवं. कोड दोन दिवसांत चालला, पण नखाएवढ्या जागेतली ती चिन्हं अण्णांच्या डोळ्यांत खुपू लागली. पाच-पाच रंग, बारीक किनारी, सगळा नुसता चिखल. टॉवेलवर असलं काही त्यांनी खपवून घेतलं नसतं. तिथं दोन रंगांच्या धाग्यात मोरही बसवायचा आणि हत्तीही. अण्णांनी कुणाला न विचारता चार दिवस खपून तीसच्या तीस चिन्हं दोन-दोन रंगांत बसवली. तक्ता लख्ख दिसू लागला. कारखाना सुटल्यापासून इतका आनंद त्यांना झाला नव्हता, खोटं कशाला सांगा.

दोन दिवसांनी अमेरिकेहून गिऱ्हाइकाचा निरोप आला. रंग कुणी बदलले? चिन्हाची छटासुद्धा हलवायची नाही असं करारात आहे. पायलनं कोडातली एक ओळ बदलली आणि मूळ चित्रं परत आली. पाच मिनिटांचं काम.

"अण्णा, विचारायचं तरी की."

"टॉवेलला आमी असंच करतो. बारीक जागेत दोनच रंग उठत्यात. आता हे कुणाला दिसतंय का, बघ की नीट."

पायलनं नीट बघितलं. "तुमचंच चांगलं दिसत होतं," ती म्हणाली. "पण त्यांना चांगलं नकोय. त्यांचं त्यांना हाय तसं पाहिजे." मग कीबोर्डकडे बघत म्हणाली, "सोमवारपासनं नका येऊ, अण्णा."

पोरीवर रागावून काय उपयोग, हे अण्णांना कळत होतं. तरी रस्ताभर त्यांचा जीव जळत राहिला.

घरी बायकोनं, ईरम्मानं सगळं ऐकून घेतलं. "मग सांगायचं न्हाय व्हय तिला, आपल्या कामात असंच करत्यात म्हणून?"

"सांगितलं की. तिला पटलं बी," अण्णा म्हणाले. "पटल्यावरच नको म्हणाली."